सुमिदा नदीवरच्या नावा आणि कागदावर विकला गेलेला गारवा

जुलै २०२४ मध्ये जपानने एक हजार येनची नवी नोट चलनात आणली. तिच्या मागच्या बाजूला होकुसाई या चित्रकाराची जगप्रसिद्ध लाट छापली आहे. त्याआधी, मार्च २०२३ मध्ये, याच लाटेची एक जुनी प्रत न्यूयॉर्कच्या लिलावात २७ लाख ६० हजार डॉलरना विकली गेली होती. तेव्हाच्या दराने ही रक्कम २२ कोटी रुपयांच्या वर जाते. अशी बातमी वाचली की साधे पण नेमके प्रश्न पडतात. जे चित्र छापलेलं आहे, ज्याच्या हजारो प्रती निघाल्या, त्याला एवढी किंमत कशी? मग मूळ चित्र कुठलं? आणि हे सगळं छापत कोण होतं, कुणासाठी?

लाटेकडे पाहून याची उत्तरं नीट मिळत नाहीत. टी-शर्टवर, मोबाइलच्या कव्हरवर आणि आता नोटेवर ती इतकी दिसते की तिच्याकडे चित्र म्हणून पाहणंच अवघड झालं आहे. मला त्यासाठी त्याच शहरातली, त्याच बाजारातली दुसरी चित्रं जास्त उपयोगी वाटतात: उन्हाळ्याच्या संध्याकाळी नावांतून हवा खायला निघालेल्या माणसांची. पिढ्यानपिढ्या चित्रकारांनी हा विषय पुन्हा पुन्हा काढला. त्यात एका शहराचा उकाडा, पैसा आणि कारागिरी एकत्र सापडते. माझं म्हणणं असं की, ज्यांना नाव भाड्याने घेणं परवडत नव्हतं त्यांना परवडणारी नौकासफर म्हणजे ही चित्रं. हे मनात ठेवून पाहिलं की त्यांतल्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

शहर, उकाडा आणि पूल

शहराचं नाव एदो, म्हणजे आजचं टोकियो. १६०३ ते १८६८ या काळात तोकुगावा घराण्यातले शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ते, इथून जपानचा कारभार पाहत. अठराव्या शतकात एदोची लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास होती. जगातल्या सर्वांत मोठ्या शहरांत त्याची गणना होते. घरं लाकडाची, गल्ल्या अरुंद. कारागीर आणि फेरीवाले एकाला एक लागून बांधलेल्या खोल्यांच्या रांगांत राहत. जपानचा उन्हाळा दमट असतो, अंगाला चिकटणारा. रात्री खोलीत वारा शिरत नसेल तर माणूस जाणार कुठे? नदीवर.

शहराच्या पूर्वेकडून सुमिदा नदी वाहते आणि पुढे टोकियोच्या उपसागराला मिळते. १६५७ साली एदोत भीषण आग लागली आणि शहराचा मोठा भाग जळून गेला. शत्रूला शहरात शिरणं सोपं होऊ नये म्हणून शोगुनांनी नदीवर पूल फार बांधू दिले नव्हते. त्यामुळे आगीतून पळणारे हजारो लोक काठावर अडकून मेले. त्यानंतर काही वर्षांतच र्‍योगोकु पूल उभा राहिला. पुन्हा आग लागली तर ती पसरू नये म्हणून पुलाच्या दोन्ही टोकांना मोठी मोकळी जागा सोडली गेली. तिथे पक्कं बांधकाम करायचं नाही, असा दंडक होता. मग लोकांनी कच्चे मांडव घातले. चहाची दुकानं आली, कसरतीचे खेळ आले, गोष्टी सांगणारे आले. आगीपासून बचावासाठी मोकळी ठेवलेली जागा बघता बघता शहरातली सर्वांत गजबजलेली करमणुकीची जागा झाली. नावांच्या बहुतेक चित्रांत मागे जो लांबलचक लाकडी पूल दिसतो, तो हाच.

नदी उघडण्याची तिथी

एदोत नदीवरच्या हंगामाला ठरलेला आरंभ आणि ठरलेला शेवट होता. पाचव्या चांद्र महिन्याच्या २८व्या दिवशी नदी 'उघडायची' आणि आठव्या महिन्याच्या २८व्या दिवशी हंगाम संपायचा. या तीन महिन्यांत काठावरच्या दुकानांना रात्रीही धंदा करायची मुभा असे.

मराठी वाचकाला ही कालगणना परकी वाटायला नको. जपानचा जुना चांद्र महिना आपल्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होऊन पुढच्या अमावास्येला संपे. पाचवा महिना साधारण आपल्या ज्येष्ठात येतो आणि आठवा भाद्रपदात. म्हणजे नदी उघडायची ती ज्येष्ठ कृष्ण त्रयोदशीच्या सुमाराला. त्या रात्री चंद्र पहाटेपर्यंत उगवत नाही, त्यामुळे आतषबाजीला अंधारं आकाश मिळतं. नावांच्या एखाद्या चित्रात पूर्ण चंद्र दिसला, तर ती उद्घाटनाची रात्र नव्हे, एवढं पंचांग न उघडताही सांगता येतं.

आतषबाजीची परंपरा १७३३ पासून सांगितली जाते. तिचा खर्च मुख्यतः नावा भाड्याने देणारे आणि काठावरचे खाणावळवाले उचलत, कारण गर्दी झाली की धंदा त्यांचाच. कागिया आणि तामाया ही दारूकाम करणारी दोन घराणी होती. एक पुलाच्या खालच्या अंगाला बाण सोडायचं, दुसरं वरच्या अंगाला, आणि लोक आवडीच्या घराण्याचं नाव ओरडायचे. १८४३ मध्ये तामायाच्या कारखान्यातून आग लागली आणि त्या घराण्याला एदोबाहेर काढण्यात आलं. तरी तामायाच्या नावाची आरोळी लोकांच्या तोंडातून गेली नाही. ती आजही दिली जाते.

कुठली नाव कुणाची

चित्रातल्या नावा नीट पाहिल्या तर समाजाच्या पायऱ्या दिसतात. सर्वांत मोठी 'याकाताबुने'. पाण्यावर तरंगणारं घरच ते: छप्पर, आत चटया, वर कंदील, छपरावर उभे राहून लांब बांबूंनी नाव ढकलणारे नावाडी. ती सरदारांची आणि बड्या व्यापाऱ्यांची. सतराव्या शतकात या नावा इतक्या मोठ्या आणि थाटाच्या झाल्या की सरकारला त्यांच्या आकारावर बंधनं घालावी लागली.

त्याखालोखाल 'यानेबुने'. छोटं छप्पर, चार-सहा माणसांची जागा, बाजूंनी वेळूचे पडदे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या चित्रांत बहुतेक वेळा हीच दिसते, कारण पैसा आता शहरी व्यापाऱ्यांकडे आला होता आणि त्यांना ती पेलत होती. तिसरी 'चोकी', अरुंद आणि वेगवान. एकट्या-दुकट्याला घाईने पोचवणारी. आणि या सगळ्यांच्या मध्ये घुटमळणाऱ्या विक्रेत्यांच्या नावा: कलिंगडाच्या फोडी, खाण्याचे पदार्थ, साके (तांदळाची दारू). माझं लक्ष नेहमी या शेवटच्या नावांकडे जातं. सगळे गारव्याला बसलेले असताना त्या नावेतला माणूस तेवढा कामावर असतो, आणि चित्रकार त्याला गाळत नाहीत.

बाकी शहर पुलावर उभं असे. फुकट.

लाकडातून चित्र कसं निघतं

या चित्रांना 'उकियो-ए' म्हणतात: एदोच्या शहरी जगाची, त्यातल्या रंगढंगांची, लाकडी ठशांनी छापलेली चित्रं. छपाईचं तत्त्व कार्यालयातल्या रबरी शिक्क्याचंच आहे. जो भाग उंच ठेवला त्याला शाई लागते, जो खोदून काढला तो कोरा राहतो, आणि ठशावर सगळं उलटं असतं. फरक एवढाच की इथे एका चित्राला एक शिक्का नसतो. दर रंगाला वेगळा असतो.

काम चार जणांचं. प्रकाशक विषय ठरवतो आणि पैसा घालतो. चित्रकार पातळ कागदावर काळ्या रेषांत चित्र काढतो. कोरक्या तो कागद जंगली चेरीच्या फळीवर पालथा चिकटवतो आणि रेषा तेवढी सोडून बाकीचं लाकूड काढतो. या कोरण्यात चित्रकाराचा कागद कायमचा नाहीसा होतो. मग या मुख्य ठशाच्या काही काळ्या प्रती काढतात, चित्रकार त्यांवर कुठे कुठला रंग हवा ते सांगतो, आणि कोरक्या प्रत्येक रंगासाठी नवी फळी कोरतो. शेवटी छपाईगार. तो ब्रशने ठशावर रंग पसरतो, वर तुतीच्या सालीपासून केलेला किंचित ओला कागद ठेवतो आणि वेळूच्या सालीच्या दोरीचं वेटोळं बसवलेल्या गोल चकतीने पाठीवरून घासतो. यंत्र नाही, दाब हाताचा.

दहा रंग एकमेकांवर बरोबर बसतात कसे? प्रत्येक फळीवर ठरलेल्या दोन जागी खुणा कोरलेल्या असतात, एक कोपऱ्यात काटकोनाची आणि एक सरळ. कागदाची कड दर वेळी तिथेच टेकवायची. एवढ्या साध्या खाचेवर ही सगळी रंगीत छपाई उभी आहे. १७६५ च्या सुमाराला सुझुकी हारुनोबु या चित्रकाराच्या काळात अनेक रंगांची छपाई रुळली आणि तिथून नावांच्या चित्रांचा खरा बहर सुरू झाला.

एकच नाव तीन कागदांवर का?

कियोनागा, उतामारो, एइशी या चित्रकारांची नौकाचित्रं पाहताना एक गोष्ट खटकते. नाव अखंड असते, पण चित्र मधेच दोन उभ्या रेषांनी तुटलेलं असतं. कारण व्यावहारिक आहे. प्रचलित मोठा कागद सुमारे ३९ बाय २६ सेंटीमीटरचा. नदी रुंद, नाव लांब, पूल त्याहून लांब. मग तीन कागद शेजारी शेजारी लावायचे.

पण या अडचणीतून या लोकांनी काय काढलं ते पाहण्यासारखं आहे. ग्राहक तीनही कागद घेईलच याची खात्री नव्हती, म्हणून प्रत्येक कागद एकटाही पुरा दिसला पाहिजे. नावेचा एकच खांब, एकच वल्हं किंवा एकच तिरकी नजर दोन कागदांना जोडून ठेवते. ती काढून घेतली तरी उरलेला कागद पोरका वाटत नाही. उतामारोने १७९० च्या दशकाच्या मध्याला सहा कागदांचं चित्र केलं. वरचे तीन कागद म्हणजे र्‍योगोकु पूल आणि त्यावर वाऱ्याला उभ्या असलेल्या स्त्रिया. खालचे तीन म्हणजे पुलाखालच्या नावा. वरचे तीन वेगळे लावा किंवा खालचे, दोन्ही चालतात. सहाही एकत्र लावले की पूल एकदम खरा होतो, आणि फुकट उभी असलेली माणसं वर तर पैसे मोजून बसलेली खाली, हे एका नजरेत दिसतं. माझ्या मते या विषयावरचं याहून हुशार चित्र नाही.

आणखी एक गोष्ट पाहा: उन्हाळी वस्त्रं. झिरझिरीत काळ्या कापडातून आतला रंग आणि दंडाची रेषा दिसते. छपाईत पारदर्शकता आणायची म्हणजे आधी आतलं छापायचं आणि त्यावर कापडाचा हलका थर असा छापायचा की खालचं झाकलं जाऊ नये. कोरक्याने केसाएवढी रेष चुकवली तर कापड जाड दिसतं आणि उन्हाळा संपतो. श्रेय चित्रकाराला मिळतं. हे काम मात्र कोरक्या आणि छपाईगाराचं आहे.

पाणी पिवळट का दिसतं?

जुन्या नौकाचित्रांत नदी बऱ्याचदा फिकट पिवळी किंवा राखी दिसते. अनेकांना ती जपानी संयमाची खूण वाटते. बऱ्याच चित्रांबाबत तो फक्त उडालेला रंग आहे. अठराव्या शतकात फिका निळा एका रानफुलाच्या पाकळ्यांतून काढत, आणि तो ओल आणि उजेड दोन्हींना घाबरतो. दोनशे वर्षांत तो निघून गेला आणि मागे कागदाचा रंग राहिला.

मग नवा निळा आला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये तयार झालेला प्रशियन निळा नागासाकी बंदरातून जपानात येत होता, पण महाग होता. १८२० चं दशक संपता संपता तो स्वस्त झाला आणि एदोच्या प्रकाशकांनी तो अक्षरशः उचलला. गडद, न उडणारा, पाण्यासारखा पातळ करता येणारा. होकुसाईच्या लाटेतला निळा हाच. लाट ज्या चित्रमालिकेतली, तिच्यातच सुमिदावरचंही एक चित्र आहे: संध्याकाळची वेळ, पलीकडे जाणाऱ्या माणसांनी भरलेली होडी, मागे र्‍योगोकु पूल आणि दूर फुजी पर्वत. इथे चैनीची नाव नाही, रोजच्या ये-जा करणाऱ्यांची आहे, आणि पाण्याला पहिल्यांदा वजन आल्यासारखं वाटतं.

या निळ्याने आणखी एक दार उघडलं: आकाशाची छटा. वर गडद, खाली विरत जाणारा निळा. त्याला 'बोकाशी' म्हणतात. ती ठशात कोरलेली नसते. छपाईगार दर प्रतीच्या वेळी ओल्या ब्रशने फळीवरचा रंग हाताने विरवतो. म्हणून एकाच ठशाच्या दोन प्रतींत आकाश वेगळं असतं. एकीत रात्र झालेली असते, दुसरीत अजून संध्याकाळ.

हिरोशिगेच्या शेवटच्या हंगामातली आतषबाजी

हिरोशिगे या चित्रकाराने १८५६ पासून एदोच्या प्रसिद्ध स्थळांची एक प्रचंड मालिका केली. काही महिन्यांपूर्वीच, नोव्हेंबर १८५५ मध्ये, शहर भूकंपाने उद्ध्वस्त झालं होतं. मालिकेत नावांना वाव देणारी अनेक चित्रं आहेत, पण दोन थांबून पाहावीत अशी आहेत.

एक १८५७ चं, शिन-ओहाशी पुलावरची अवकाळी सर. पुलावर छत्र्या आणि टोप्या सावरत पळणारी माणसं, आणि खाली करड्या पाण्यात एक ओंडक्यांचा तराफा, त्यावर एकटा नावाडी. पावसाच्या शेकडो रेषा लाकडात उंच सोडून कोरल्या आहेत. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये याच चित्राची तैलरंगात प्रतिकृती केली.

दुसरं र्‍योगोकुची आतषबाजी. कागद उभा, रात्र निळी-काळी, पूल आडवा, वर फुटलेला बाण. माणसं इतकी लहान की केवळ ठिपके. कियोनागा-उतामारोच्या नावांत चेहरे मोठे होते, तुम्ही त्यांच्या शेजारी बसलेले असायचा. हिरोशिगेने तुम्हाला उठवून दूर, उंचावर नेलं. हे चित्र कधीचं, ते कागदावरच लिहिलं आहे. त्या काळी सरकारी तपासणीच्या शिक्क्यात वर्ष आणि महिना येत असे. वर्षांना बारा प्राण्यांची नावं असत, आणि इथे आहे घोड्याचं वर्ष, आठवा महिना, म्हणजे १८५८. नदीचा हंगाम संपायचा तो याच महिन्यात. मालिका पुढे ऋतूंनुसार लावली गेली तेव्हा हे चित्र शरद ऋतूच्या अगदी शेवटी गेलं, कारण जुन्या पंचांगात सातव्या महिन्यापासून शरद धरतात. त्याच्या पुढच्याच महिन्याच्या सुरुवातीला हिरोशिगे वारला. त्या वर्षी एदोत पटकीची साथ होती.

एक बारकावा: त्या चित्रांतली आतषबाजी लाल-नारिंगी किंवा फिकट पिवळी असते, रंगीबेरंगी नसते. चित्रकाराची कल्पना तोकडी होती म्हणून नव्हे. तेव्हाच्या दारूत कोळसा, गंधक आणि सोरा एवढंच होतं. हिरवे-निळे बाण जपानात आले ते १८६८ नंतर, परदेशी रसायनांबरोबर.

"हे तर छापील. मग मूळ कुठलं?"

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. तैलचित्राला मूळ असतं आणि त्याची प्रत असते. इथे तसं नाही. चित्रकाराचा कागद कोरतानाच नष्ट होतो. जे छापून निघतं तेच मूळ. त्या काळच्या ठशांवरून, त्या काळी छापलेली प्रत्येक प्रत मूळच आहे.

पण सगळ्या प्रती सारख्या नाहीत. लाकूड झिजतं. पहिल्या खेपेत रेषा धारदार असतात, छटा मन लावून विरवलेल्या असतात. मागणी वाढली की प्रकाशक घाई करतो, एखादा रंग गाळतो, छटा सोपी करतो. पुढे कागद उन्हाने उडतो, कडा कापल्या जातात, तीन कागदांतला एक हरवतो. होकुसाईच्या लाटेच्या प्रती हजारोंनी निघाल्या असाव्यात, पण आज माहीत असलेल्या शंभरावर थोड्याच. लिलावातली किंमत या गळतीची आहे.

त्या काळी मात्र असा एक कागद साधारण एका वाडगाभर नूडल्सच्या किमतीत किंवा त्याहून थोडा महाग मिळत असे. एदोत कामानिमित्त आलेले सामुराई परतताना ही चित्रं घरच्यांसाठी नेत. हलकी, घडी करता येण्यासारखी. नावेच्या भाड्याच्या एका लहानशा अंशात अख्खी नाव, पूल आणि सुंदर माणसं घरी येत. हीच चित्रं गोल पंख्यांसाठीही छापत. नदीच्या चित्राने वारा घ्यायचा, आणि उन्हाळा सरला की फाटका पंखा फेकून द्यायचा. म्हणून पंख्यांवरची चित्रं आज फार थोडी उरली आहेत.

आजही टोकियोत काही कार्यशाळा जुन्या चित्रांसाठी नव्याने चेरीच्या फळ्या कोरून, त्याच पद्धतीने हाताने छापतात. त्या प्रती जुन्या नाहीत, पण खोट्याही नाहीत. नव्या म्हणून सांगून विकल्या जातात. संगणकावर छापलेलं पोस्टर ही तिसरीच गोष्ट. प्रत हातात असेल तर कागद उलटा करून पाहा. हाताने घासून छापलेला रंग कागदात मुरून पाठीमागून दिसतो.

"सावली नाही, खोली नाही. मग खरं कसं मानायचं?"

खोली दाखवता येत नव्हती असं नाही. युरोपीय पद्धतीचा यथार्थदर्शनाचा नियम, म्हणजे दूर जाणाऱ्या रेषा एका बिंदूकडे आणणं, एदोच्या चित्रकारांना १७४० च्या दशकातच ठाऊक होता, आणि र्‍योगोकु पुलावर त्यांनी तो हौसेने वापरलाही. पुढे त्यांनी तो हवा तिथे घेतला, नको तिथे सोडला. सावली टाळली कारण कोरलेली रेषा आणि सपाट रंग ही लाकडाची ताकद आहे. युरोपातले चित्रकार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेमके याच गोष्टीने थक्क झाले. व्हिसलरने लंडनच्या बॅटरसी पुलाचं रात्रीचं चित्र काढलं, त्यातला उंच काळा खांब आणि मागची आतषबाजी पाहा. हिरोशिगे ओळखू येतो.

"एवढं सगळं छान होतं का?"

नव्हतं, आणि हे टाळून या चित्रांवर लिहिणं मला योग्य वाटत नाही. नावेतल्या सुंदर स्त्रिया बऱ्याचदा गायिका-नर्तकी किंवा वेश्या आहेत. सुमिदावरून उत्तरेकडे जाणाऱ्या त्या चपळ चोकी नावा योशिवाराला, म्हणजे सरकारमान्य वेश्यावस्तीला, जाणाऱ्या पुरुषांच्या होत्या. तिथल्या मुली गरीब घरांतून लहानपणी कर्जापोटी आणलेल्या असत. बाहेर पडणं त्यांच्या हातात नव्हतं. चित्रात त्यांच्या केसांतला काटा दिसतो, कर्ज दिसत नाही. चित्र हे वस्तीचं, चहाच्या दुकानाचं आणि कापडाच्या नव्या नक्षीचं विज्ञापनही होतं, आणि विज्ञापनात जे येत नाही ते इथेही येत नाही.

नदीची कथाही तशीच. १७७० च्या दशकात पात्रात भराव टाकून नाकासु नावाची करमणुकीची वस्ती उभी केली गेली. चहाघरं, नावा, दिवे, चित्रकारांना पर्वणी. पण अरुंद झालेल्या पात्रामुळे वरच्या भागात पूर वाढले आणि १७८९ च्या सुमाराला सरकारने तो भराव काढून टाकला. त्यावेळच्या चित्रांत ज्या जागेचा झगमगाट दिसतो, त्याच जागेमुळे इतरांच्या घरात पाणी शिरत होतं.

आणि सरकारची नजर होतीच. १७९० पासून प्रत्येक चित्राला तपासणीचा शिक्का लागू लागला. १८०४ मध्ये इतिहासातल्या एका शासकाचं चित्र काढल्याबद्दल उतामारोला ५० दिवस हातात बेड्या घालून ठेवलं गेलं. १८४२ मध्ये नट आणि वेश्यांच्या चित्रांवरच बंदी आली. नदीवरचा गारवा हा इतका लोकप्रिय विषय असण्यामागे हेही एक कारण आहे असं मला वाटतं: त्यात राजकारण नव्हतं, तपासनिसाला खोडायला काही नव्हतं, आणि दर उन्हाळ्यात ग्राहक नवा होता.

पुढे काय झालं, आणि पाहायचं कुठे

एदोचं टोकियो झालं, गॅसचे दिवे आले. कोबायाशी कियोचिका या चित्रकाराने १८८० मध्ये पुन्हा र्‍योगोकुची आतषबाजी छापली. त्यात नावा आणि माणसं उजेडापुढच्या काळ्या आकृत्या होऊन गेल्या. विसाव्या शतकात नदी घाण झाली, रहदारी वाढली आणि १९६१ नंतर आतषबाजी थांबली. पाणी सुधारल्यावर १९७८ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. आता जुलैच्या शेवटच्या शनिवारी असते, आणि याकाताबुने आजही भाड्याने मिळतात.

चित्रं पाहायला जपानला जावं लागत नाही. न्यूयॉर्क, शिकागो आणि बोस्टनच्या संग्रहालयांनी हजारो चित्रं मोठ्या आकारात, विनामूल्य संकेतस्थळावर ठेवली आहेत. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी प्रत्यक्ष जायचं ठरवलं तर आधी चौकशी करावी, कारण उजेडाने रंग उडतो म्हणून ही चित्रं थोडे दिवसच भिंतीवर लावतात. बोस्टनच्या संग्रहालयाला १९२१ मध्ये स्पॉल्डिंग बंधूंनी सहा हजारांहून अधिक जपानी छापचित्रं दिली ती एका अटीवर: ती कधीच प्रदर्शनात मांडायची नाहीत. म्हणूनच अठराव्या शतकातला तो रानफुलाचा निळा तिथल्या चित्रांत टिकला आहे. संगणकाच्या पडद्यावर उतामारोची किंवा कियोनागाची एखादी नाव त्या संग्रहातून काढून, शेजारी तेच चित्र दुसऱ्या एखाद्या संग्रहातलं ठेवा. जिथे एकीकडे पिवळट कागद आहे, तिथे दुसरीकडे नदी आहे.